माळशेज चढून नाणेघाट उतरताना

डोंबिवलीकराला डोंगर म्हटला की मलंगगड आठवतो. पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी पूर्वेकडच्या गच्चीवर उभे राहिले, तर इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्यांपलीकडे त्याचे सुळके दिसतात आणि आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतो याची जाणीव होते. एरवी आपला सारा व्यवहार पश्चिमेकडे. गाडी पकडायची ती मुंबईची, नोकरी मुंबईकडची, मुलांची महाविद्यालयेही तिकडचीच. डोंबिवलीतून पूर्वेकडे तोंड करून निघणे अपवादानेच घडते. ९ डिसेंबर २०२३ रोजी, शनिवारी पहाटे चार वाजता, आम्ही चौघे तसे निघालो. सायकलींवर.

चौघेही आपल्याच शाळेचे. एक माझा वर्गमित्र, बँकेत अधिकारी. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचे त्याला वेड आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ज्या ब्रेव्हे असतात, त्यांची पदके त्याच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत. दुसरे आमच्या वरच्या तुकडीतले दादा, एस. टी.च्या आगारात मेकॅनिक. तिसरा वीस वर्षांचा मुलगा. तो शाळेतून बाहेर पडून चार वर्षे झाली, आता संध्याकाळी डोंबिवलीत लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो आणि सकाळी महाविद्यालयात जातो. त्याने जुनी माउंटन बाइक हप्त्याने घेतली आहे. तिच्या कॅरिअरवर एरवी चौकोनी पेटी असते, ती त्या दिवशी काढलेली होती. चौथा मी, मराठीचा शिक्षक, आणि माझ्याखालची सायकल दादांच्या मुलाची.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी सायकल शिकली ती शाळेच्या त्या एकमेव काळ्या सायकलीवर. बाजारातून भाजी आणण्यासाठी ती होती आणि आठवीपासून पुढे तिच्यासाठी पाळ्या लागत. पाय पोचत नसल्यामुळे मधल्या दांडीखालून पाय घालून, अंग तिरपे करून ती चालवावी लागे. मागे चाळीस किलो कांदे-बटाटे बांधलेले असत. चढावर दोघांनी ढकलायची, उतारावर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने मागून धावायचे. बसण्याची पाळी कोणाची यावरून झालेली भांडणे गृहपालांपर्यंत गेलेली आहेत. बँकेतल्या मित्राच्या कार्बनच्या सायकलीचे वजन आठ किलो आहे. आमच्या त्या सायकलीचा कॅरिअरच तेवढ्या वजनाचा असावा, असे दादा म्हणतात, आणि लोखंडाच्या बाबतीत दादांचा शब्द मी खोडत नाही.

या वाटेशी आमच्या घराचा जुना संबंध आहे. माझे वडील, अण्णा, मूळचे जुन्नर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. आजोबांबरोबर ते नाणेघाट उतरून वैशाखऱ्याला आले आणि तिथून ट्रकच्या मालावर बसून कल्याणला. पुढे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली. लहानपणी त्यांचा रुमाल कोणत्या रंगाचा होऊन येतो त्यावरून आम्ही कारखान्यात त्या आठवड्यात काय चालले आहे ते ओळखत असू. आता त्यांना जिना चढतानाही धाप लागते. निघण्याच्या आदल्या रात्री ते म्हणाले, "नाणेघाटात टाकी आहेत. त्यातल्या एकाचं पाणी आण बाटलीभर."

मी कारण विचारले नाही, कारण ते मला ठाऊक होते. गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी शेंदता येत नसे. कोणी वाढले तर मिळायचे. घाट उतरताना आजोबांनी टाक्याच्या काठावर बसून सांगितले, की इथे आपल्या हाताने घे. अण्णा ओंजळीने पोट भरून प्याले. हे त्यांनी मला आयुष्यात दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा तेवढ्याच शब्दांत.

पत्रीपूल ओलांडून कल्याण, मग शहाड, उल्हास नदी, म्हारळ, वरप, कांबा. अंधारात ही नावे फक्त दुकानांच्या पाट्यांवर वाचायची. रायत्याचा पूल येईपर्यंत पूर्वेला शुक्र चांगला वर आला होता आणि त्याच्या अगदी शेजारी कृष्णपक्षातली बारीक कोर. मुलगा म्हणाला, रात्री अकरा-बारापर्यंत डबे पोचवतो म्हणून चंद्र पुष्कळ वेळा दिसतो, पण पहाटेचा कधी पाहिला नव्हता.

मुरबाडला चहा झाला. तालुक्याच्या दक्षिणेकडे सिद्धगडाचा डोंगर आहे, जिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना धारातीर्थी पडले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला पाणी ज्या बारवी धरणातून येते तेही याच बाजूचे. सायकलवरून जाताना ही जवळीक पायांना कळते. गाडीने गेलो असतो तर मुरबाड हे फक्त गर्दीचे एक गाव वाटले असते.

सरळगाव, टोकावडे मागे पडले. भात कापून झाले होते, नोव्हेंबरअखेरच्या अवकाळी पावसाने खाचरांच्या बांधांवर पुन्हा हिरवे फुटले होते आणि काही ठिकाणी भिजलेला पेंढा वाळत घातलेला दिसत होता. मोरोशीपाशी भैरवगडाची उभी भिंत समोर आली आणि बँकेतल्या मित्राने, जो आतापर्यंत अर्धा किलोमीटर पुढे असायचा, पहिल्यांदा वेग कमी केला.

घाट सायकलने चढण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण शाळेतली मुले विचारतात. बळ लागते, पण ते दुय्यम. पुढची दातेरी चकती लहान, मागची मोठी घ्यायची म्हणजे पायडल हलके होते. मग पाय सावकाश पण न थांबता फिरत ठेवायचे. श्वास आणि पाय यांची एक लय जुळते. ती जुळली की चढ संपण्याची वाट पाहावी लागत नाही. जोर करून वेगाने चढणारा माणूस दुसऱ्या वळणावर उतरतो. आपल्या सकाळच्या आनापानाच्या तासाला गुरुजी सांगत, श्वास ओढू नका, येतो त्याला येऊ द्या. मला त्या तासाला बहुधा झोप येई. त्यांचे ते वाक्य समजले माळशेजच्या तिसऱ्या वळणावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

माळशेजचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे आणि डोंबिवली जवळजवळ समुद्राच्याच पातळीला, म्हणजे ही सारी उंची आपल्याच पायांनी कमवायची. डिसेंबरात धबधबे आटलेले असतात. कातळावर त्यांचे काळे ओघळ तेवढे उरतात. पावसाळ्यातली झुंबड नसते, दरडीचे भय कमी असते. मालट्रक मात्र बारा महिने. ट्रक मागून आला की रस्त्याच्या कडेला ओळीने यायचे, हा नियम दादांनी घालून दिला होता. बोगद्याआधी त्यांनी सर्वांना थांबवले, मागचे तांबडे दिवे लागले आहेत की नाहीत ते स्वतः पाहिले आणि मग एकेकाला सोडले. या वयातही आमची हजेरी घेणारा कोणीतरी आहे, याचे मला बरे वाटले.

सर्वांत आधी माथ्यावर पोचला तो डबे पोचवणारा मुलगा. जुनी, पंधरा किलोची सायकल, जाड टायर आणि पायांत साधे बूट. बँकेतला मित्र पोचल्यावर त्याने मुलाच्या सायकलकडे, मग आपल्या सायकलकडे पाहिले आणि त्याला विचारले, "सराव किती करतोस?" मुलगा म्हणाला, "सराव नाही काका. रोज तीस-पस्तीस डबे होतात. लिफ्ट बंद असली तर जिनेपण." मित्र काही बोलला नाही. पुढे सबंध प्रवासात त्याने पदकांचा विषय काढला नाही आणि खर्चाच्या वेळी त्या मुलाचा हात खिशाकडे जाऊ दिला नाही.

घाटमाथ्यावरून पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाच्या कडेने जाताना वारा समोरून होता. गणेश खिंड चढून जुन्नरला पोचेपर्यंत पाच वाजले. सव्वाशे किलोमीटर झाले होते. मी जेवताना बसल्या बसल्या झोपलो असे बाकीचे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. मानमोडी, तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत गिरिजात्मजाच्या दर्शनाला आलेलेच बहुसंख्य असतात. गणपतीचे स्थान आहे ते सातव्या लेण्यात, मूळच्या विहारात. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. तिथे गर्दी नसते. आत खांबांच्या शिरांवर हत्ती, वाघ, सिंह कोरलेले, छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी कमानी आणि शेवटी स्तूप. आम्ही स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील घेतले. चौघांचे आवाज त्या छतामुळे चाळिसांचे झाल्यासारखे वाटले.

ओसरीत एक ओळीचा ब्राह्मी शिलालेख आहे. आपल्या शाळेत शनिवारी दुपारी धम्मलिपीचा तास सुरू झाला तो आमच्यानंतर, त्यामुळे आम्ही तिघे निरक्षर. मुलगा मान वर करून वाचू लागला. "हे अधिक चिन्हासारखं आहे ना काका, तो क." मग एकेक अक्षर जुळवत त्याने कल्याण हे नाव काढले आणि तो थांबला. "आपलं कल्याण?"

आपलेच. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा म्हणा किंवा धनकोषावरच्या अधिकाऱ्याचा म्हणा, मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. कल्याण त्या काळी बंदर होते. माल तिथे उतरायचा आणि नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. कान्हेरीच्या लेखांतही कल्याणचे दाते आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तर दात्यांची किती तऱ्हा! धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला या डोंगरात दुसऱ्यांसाठी पाण्याची सोय करावीशी वाटली, हे मला त्या सबंध परिसरातले सर्वांत मोठे शिल्प वाटते.

मुलाला वेगळेच सुचले होते. ठ हे अक्षर नुसते वर्तुळ आणि थ म्हणजे मध्ये ठिपका असलेले वर्तुळ. "ठ म्हणजे टायर आणि थ म्हणजे हबसकट चाक," असे त्याने दादांना शिकवले. दादांना दोन अक्षरे आली आणि ती ते आता विसरणार नाहीत.

दुपारी आम्ही घाटघरच्या दिशेने निघालो. वाटेत थोडे आडवळण घेतले की अण्णांचे गाव लागते. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे आता आमचे कोणी राहत नाही.

अण्णांनी पहिली सायकल घेतली ती कारखान्यात कायम झाल्यावर, ॲटलसची, बावीस इंची. (ती कंपनी देशभर घरोघरी पोचली होती. तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी.) नव्या सायकलचा आनंद असा, की सुट्टीत ती एस. टी.च्या टपावर टाकून अण्णा गावी घेऊन गेले. थांब्यावर आजोबा घ्यायला आले होते. दोघे निघाले, अण्णा सायकलवर सावकाश, आजोबा शेजारून चालत. गावाच्या वेशीपाशी आजोबा हलक्या आवाजात म्हणाले, "उतर." अण्णा उतरले. गावातून वस्तीपर्यंत सायकल हातात धरून नेली. आजोबांनी हे का सांगितले ते सांगावे लागले नाही, आणि अण्णांनीही कधी विचारले नाही. चार दिवसांनी सायकल परत आली. पुन्हा ती गावी गेली नाही. पुढे वीस वर्षे त्याच सायकलवरून ते कारखान्यात गेले आणि तिच्याच दांडीवर बसून मी पहिल्या दिवशी आपल्या वसतिगृहात आलो.

वेशीपाशी खडा चढ आहे. मी गिअर हलका केला. बाकीच्या तिघांना ही हकिगत मी रायत्याच्या पुलापासूनच कधीतरी सांगितली असावी, कारण कोणीही माझ्या पुढे गेले नाही. मारुतीच्या पारावर चार-पाच म्हातारी माणसे बसली होती. एकाने हाक मारली, "ओ पाव्हणं, मागल्या चाकात हवा कमी दिसती." खरेच कमी होती. दादा पंप काढेपर्यंत विचारपूस सुरू झाली. कुठले, कुठे चाललात, कोणाकडचे. मी आजोबांचे नाव सांगितले.

म्हातारा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याचा पोरगा एकदा सायकल घेऊन आला व्हता. हितनं चालत नेली."

बेचाळीस-पंचेचाळीस वर्षे अण्णांनी जे आपल्यापुरते ठेवले असे मी समजत होतो, ते या पारावरही कोणीतरी ठेवले होते. तो माणूस त्या दिवशी इथेच बसलेला असणार, माझ्याहून तरुण. त्याच्या बोलण्यात पश्चात्ताप होता की नुसती आठवण, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही आणि मी ते ठरवण्याचा फार प्रयत्नही केला नाही. दादांच्या पंपाचा आवाज तेवढा चालू होता. "च्या घिऊन जावा," तो म्हणाला आणि नातवाला घराकडे पिटाळले. चहा आला. सगळ्यांना सारख्याच कपांत. म्हाताऱ्याने आपला कप शेवटी उचलला. चहा आम्ही प्यालो, राम राम जय भीम दोन्ही झाले आणि आम्ही सायकलींवर बसून निघालो. वस्तीपर्यंतचा रस्ता आता सिमेंटचा आहे.

घाटघरला एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला. अमावास्या दोन दिवसांवर होती. जीवधनच्या काळ्या आकारावर इतक्या चांदण्या होत्या की मुलगा बराच वेळ अंगणात उघड्यावर पडून राहिला. संध्याकाळी आम्ही दोघांनी पठारावरच्या बैलगाडीच्या वाटांनी माउंटन बाइक दामटल्या होत्या. वाळके गवत, मध्येच कातळ, मध्येच चिखलाचा वाळलेला गाळ. या सायकलींचे रुंद टायर तिथे शोभतात. मी दोनदा पडलो. गवत मऊ होते.

सोमवारी सकाळी आमची फाटाफूट झाली. बँकेतला मित्र आणि दादा आपापल्या रस्त्याच्या सायकलींवरून माळशेजमार्गे परत निघाले. आम्ही दोघे नाणेघाट उतरणार होतो, सायकली खांद्यावर घेऊन. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, ज्यात जकात पडायची असे सांगतात. खाली गुहेत नागनिका राणीचा मोठा लेख. यज्ञ, दक्षिणा, गाई, घोडे, कार्षापणे यांची मोजदाद त्यात आहे आणि ब्राह्मी अंकचिन्हे पाहायची तर तिथेच. समोरच्या भिंतीवरच्या राजपुरुषांच्या मूर्ती नाहीशा झाल्या, नावे आणि पावले तेवढी उरली.

पाण्याची टाकी जवळच. एकात रिकाम्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे तरंगत होती. मुलगा काही न बोलता ती गोळा करू लागला. सतरा बाटल्या निघाल्या. त्या त्याने पिशवीत घालून हँडलला बांधल्या. दुसरे टाके स्वच्छ होते. मी काठावर बसलो, आधी ओंजळीने प्यालो आणि मग बाटली भरली.

उतरायला तीन तास लागले. पायऱ्या झिजलेल्या, काही ठिकाणी पानांखाली दगड निसरडे, आणि खांद्यावरच्या सायकलीचे पायडल दर दहा पावलांनी पाठीला ढुशी देणारे. चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याचा बाप डोक्यावर बोचके घेऊन इथून कसे उतरले असतील, याचा विचार करायला पुरेसा वेळ होता. मुरबाड रस्त्याला लागल्यावर बाकीचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर सपाटीचे. मुलाला सहा वाजता कामावर हजर व्हायचे होते. शहाडच्या पुलावर त्याने मला निरोप दिला आणि वाहनांच्या गर्दीतून वाट काढत दिसेनासा झाला. सतरा बाटल्या तशाच हँडलला.

मी घरी पोचलो तेव्हा अण्णा गॅलरीत बसले होते. माझ्या खरचटलेल्या कोपराकडे त्यांनी पाहिले. गावातून गेलो होतो, असे मी सांगितले.

"वेशीपाशी चढ आहे," ते म्हणाले. "उतरावं लागलं असेल."

"नाही. गिअर होते."

त्यांनी मान हलवली. पारावरच्या माणसाचे बोलणे मी सांगितले, चहाचेही सांगितले. त्या माणसाचे नाव त्यांनी बरोबर ओळखले. तो चांगला पोहायचा, एवढेच म्हणाले. मग बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली, तळाशी काही बसले आहे का ते पाहिले, झाकण उघडून वास घेतला. अठ्ठावीस वर्षे रसायनांत काढलेल्या माणसाची ती सवय आहे.

आईला हाक मारून म्हणाले, "हे उकळून आण. आणि दोघांनापण दे."